तारीख उलटली, कळा नाहीत: आधी फाईलमधली तारीख बघा

ताई, चाळीस आठवड्यांवर चार दिवस गेले, कळांचा पत्ता नाही, दोन रिपोर्टांवर दोन तारखा आणि सासूबाई एरंडेल घे म्हणतायत, हे वाचून जीव वरखाली झाला. माझ्या थोरल्याच्या वेळी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

पण दोन तारखांचा घोळ आजच मिटवा. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले, तर तिथल्या दवाखान्याने (नाव लिहीत नाही) नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख केसपेपरवर चढवली. ती तारीख बाळाच्या आकारावरून निघते. माझं बाळ बारीक, म्हणून तारीखच पुढे गेली! तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट मी दर वेळी काढून द्यायचे, तो काउंटरवरूनच परत यायचा. "अजून वेळ आहे, घरी जा." शेवटी गर्भजल कमी झालं, बाळाने पोटातच शी केली, रात्री घाईत सिझर आणि बाळ काचेत. अजून राग येतो. ११ ते १३ आठवड्यांतली सोनोग्राफी साधारण आठवडाभर इकडेतिकडे होते, शेवटच्या महिन्यातली तीन आठवड्यांपर्यंत. हे दवाखान्याला मी सांगायचं?

म्हणून पहिल्या सोनोग्राफीची तारीख डॉक्टरांकडूनच केसपेपरवर लिहून घ्या. पाळी उशिरा यायची असेल तर तेही सांगा. पाळीवरचा हिशेब २८ दिवसांचं चक्र धरून असतो.

तारीख खरी असेल तर चार दिवस वर जाणं नवलाचं नाही. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तोवर एनएसटी (पोटावर पट्टा लावून बाळाचे ठोके बघतात ती तपासणी) कधी, गर्भजल किती, हे विचारत राहा. कळा आणणं म्हणजे सिझर ठरलंच, असं बायका घाबरवतात; माझ्या धाकटीच्या वेळी कळा आणूनच नॉर्मल झालं. प्रत्येकीचं तसंच होईल असं म्हणत नाही.

एरंडेल मात्र नको. जुलाब-उलट्यांनी अंगातलं त्राण जातं आणि कळा येतील याची खात्री नाही. सासूबाईंना तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आमच्याकडे त्यानेच जमलं.

आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले तरी निघा. गाडी नसेल तर १०८. "झालं का?" विचारणारे फोन नवऱ्याला घेऊ दे.