वीस हजारांची पोझिशन

देवगड

बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला बिटकॉइनच्या ट्रेडचा स्क्रीनशॉट पाहिला आणि मला झोप लागली नाही. खात्यात 80 हजार, त्यातले 20 हजार मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी अडकवलेले पैसे, आणि लिव्हरेज 25 पट, म्हणजे उधारीवर त्याच्या पंचवीस पट रकमेचा सौदा. "काका, जाऊन जाऊन वीसच हजार जातील," म्हणालास. अरे, ती पाच लाखांची पोझिशन झाली! बिटकॉइन चार टक्के उलटा फिरला की वीस हजार साफ. मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे सौदा चालू ठेवायला एक्स्चेंजला लागणारी किमान रक्कम, धरलं तर त्याच्याही आधी. चार टक्के तो एका दुपारीत हलतो. संध्याकाळी तुझा अंदाज खरा ठरेलही, पण तोवर तुझी पोझिशन उरलेली नसेल.

हिशोब दुसऱ्या टोकाकडून कर. भाव कुठे आला की आपण चुकलो, हे आधी चार्टवर ठरव. समजा ती जागा चार टक्क्यांवर आहे. मग एका ट्रेडमध्ये किती गमवायचं ते ठरव. मी खात्याच्या एक टक्का धरतो, म्हणजे तुझे 800 रुपये. ज्या रकमेचे चार टक्के 800 होतात ती रक्कम वीस हजार. म्हणजे तू जेवढं मार्जिन लावलंस, तेवढी तुझी अख्खी पोझिशन हवी होती. लिव्हरेज पाच पट घेतलंस तर चार हजार अडकतील, दोन पट घेतलंस तर दहा हजार. स्टॉपलॉस, म्हणजे ठरल्या भावाला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, लागल्यावर तोटा साधारण तेवढाच, 800. फक्त लिक्विडेशनचा भाव, म्हणजे जिथे एक्स्चेंज स्वतःच सौदा बंद करून मार्जिन घेतं तो, स्टॉपच्या बराच पलीकडे राहील एवढं बघ.

एक टक्का तुला फार कमी वाटेल. पण लागोपाठ दहा ट्रेड चुकतात, माझे चुकलेत. दर वेळी एक टक्का गेला तर 80 चे सुमारे 72 हजार उरतात. दर वेळी दहा टक्के गेले तर 28 हजार.

माझं खातं तर एकाच ट्रेडमध्ये गेलं. मे 2021 ची गोष्ट, तू तेव्हा शाळेत होतास. वादळ येण्याच्या आदल्या दिवशी मी पाचपट लिव्हरेजने लाँग घेतला होता, म्हणजे भाव वाढेल यावर सौदा, जवळजवळ सगळे पैसे लावून. स्टॉपलॉस टाकलाच नाही. म्हटलं, मी बघतोच आहे ना. 16 तारखेला तौक्ते आलं. खळ्यासमोरची दोन कलमं मुळासकट आडवी झाली, विजेचे खांब पडले, रेंज गेली. चार दिवस आम्ही खाली पडलेला आंबा गोळा करत होतो. 19 तारखेला बिटकॉइन एका दिवसात 43 हजार डॉलरवरून 30 हजारांपर्यंत घसरला, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मोटरसायकलच्या बॅटरीवर फोन चार्ज करून घाटीवर चढलो, रेंज आली, आणि स्क्रीनवर पहिली ओळ दिसली ती लिक्विडेट झाल्याची. त्या वर्षी बागेचं नुकसान झालंच होतं, फवारणीचे पैसेही मी त्या ट्रेडमध्ये घालवले होते. हे तुझ्या काकूला सांगायला मला आठ दिवस लागले.

म्हणून स्टॉपलॉस डोक्यात ठेवू नकोस, पोझिशन उघडतानाच एक्स्चेंजवर टाक. आणि वादळी बाजारात स्टॉपही ठरल्यापेक्षा खालच्या भावात सुटतो, म्हणूनच आकार लहान हवा. मार्जिन आयसोलेटेड ठेव, म्हणजे तोटा त्या सौद्याला लावलेल्या पैशांपुरताच राहील. क्रॉसवर एक चुकलेला ट्रेड खात्यातले बाकीचे पैसेही ओढून घेतो. फी आणि फंडिंग, म्हणजे सौदा उघडा असेपर्यंत ठरावीक तासांनी समोरच्या बाजूला द्यायची रक्कम, पूर्ण पोझिशनवर लागतं हेही विसरू नकोस. फंडिंगचा दर 0.01 टक्के आणि दर आठ तासांनी धरला, तरी पाच लाखांवर दिवसाला दीडशे रुपये होतात, भाव जागचा हलला नाही तरी.

तोट्यातल्या पोझिशनमध्ये भर घालून ॲव्हरेज करायचा मोह होईल तेव्हा आधी मला फोन कर. रात्री कितीही वाजलेले असोत.

आत्ता ती पाच लाखांची पोझिशन उघडी असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ती कमी कर. पुढचा ट्रेड लावण्याआधी तीन आकडे वहीत लिहून मला फोटो पाठव: घेतलेला भाव, स्टॉपचा भाव आणि स्टॉप लागला तर जाणारे रुपये. मी वाट बघतो.

तुझा
काका