2 वर्षांच्या फ्रॉकचं पेपर कटिंग झेरॉक्समध्ये मोठं करून 4 वर्षांच्या मुलीला चालेल का?

नाही, झेरॉक्सवाल्याकडे अजिबात नेऊ नका. तुमच्याकडे दोन वर्षांच्या मापाचं कटिंग (कापड कापायचा कागदी नमुना) आहे, लेक आता चारची झाली, मग सगळंच सारख्या टक्क्याने वाढवलं की काम झालं असं तुम्हाला वाटतंय. कागदावर पटतं हो, पण तो फ्रॉक अंगात घातला की पोरगी आईचा गाऊन घातल्यासारखी दिसते.

पोरं उंचीने भराभर वाढतात, छातीने थोडी, आणि डोकं नि गळा तर त्याहून कमी. दोन वर्षांच्या मुलीची उंची साधारण 86 सेंमी धरा, चारला ती 102-103 होते, म्हणजे जवळजवळ 19 टक्के वाढ. तेवढ्या काळात 20 इंचाची छाती 21 नाहीतर फार तर 22 होते आणि डोक्याचा घेर 47 सेंमीचा 49 च्या आसपास. आता सगळं 19 टक्के मोठं केलं तर छाती जाते 24 ला, साडेचार इंचाचा गळा होतो सव्वापाचच्या वर आणि खांद्यावरून घसरायला लागतो, वर शिलाईची माया (शिवण्यासाठी कडेने सोडलेलं जास्तीचं कापड) पण वाढते ते वेगळंच.

तर आधी टेप घेऊन मुलीला उभी करा. छाती, शोल्डर, शोल्डरपासून कमरेपर्यंत उंची, पूर्ण उंची आणि डोक्याचा घेर, एवढं पुरे. वय विसरा, माप बघा, चार वर्षांची किरकोळ पोरगी तीनच्या मापात आरामात बसते. मग मूळ कटिंग खाकी कागदावर उतरवून घ्या आणि कापाकापी त्या कॉपीवर करा, मूळ कागद तसाच ठेवा, धाकटं कोणीतरी घरात येतंच. (वर्तमानपत्र वापरलं तरी चालतं, फक्त पांढऱ्या कापडाला शाई लागते.)

समजा छाती 20 ची 22 करायचीय. पुढचा भाग नि मागचा भाग दोन्ही कापडाच्या घडीवर कापतो, कागदावर अर्धाच भाग असतो, म्हणजे चार अर्ध्या भागांत 2 इंच वाटायचे, प्रत्येकी अर्धा इंच. बहुतेक जण हा अर्धा इंच सरळ बगलेच्या शिलाईला वाढवून मोकळे होतात आणि मग शोल्डर आखूड राहतो नि बाही खेचते. त्यापेक्षा शोल्डरच्या मध्यापासून खाली कमरेपर्यंत उभी रेघ मारा, त्यावर कागद कापा, दोन तुकडे पाव इंच म्हणजे दोन सूत लांब सरकवा आणि खाली दुसऱ्या कागदाची पट्टी ठेवून चिकटवा. राहिलेला पाव इंच बगलेला. गळ्याला हात लावायचा नाही, फार तर पुढून खोली एक सूत वाढवा. गळ्यातून डोकं जाईल का ते टेपने मोजा, गळ्याचा पूर्ण घेर डोक्यापेक्षा कमी भरला तर गळा मोठा करू नका, पाठीला चीर देऊन बटण लावा.

उंचीसाठी आडवा काप. एक मुंढ्याच्या (बाही जोडतो त्या गोलाईच्या) मध्यावर, तिथे फक्त पाव इंच उघडा, आणि दुसरा मुंढा नि कंबर याच्या मधे, तिथे पाऊण इंच ते एक इंच. रेघ कटिंगवरच्या उभ्या धाग्याच्या रेघेला काटकोनात पाहिजे नाहीतर भाग तिरका होतो. चिकटवल्यावर बगलेला पायरी तयार झालेली दिसेल, ती पट्टीने जोडून सरळ रेघ करून घ्या. पुढे केलं तेच सगळं मागे. स्कर्टला मात्र असलं काही नको, खाली 3 इंच वाढवा की झालं, सगळी उंची तिथेच लागते.

मुंढ्याबद्दल जरा थांबून सांगते कारण इथे सगळ्यांचा उलटा समज असतो. मुंढा खोल केला की मूल मोकळं राहतं असं वाटतं, पण खोल मुंढ्यात हात वर केला की अख्खा फ्रॉक वर उचलला जातो, पोट उघडं. बगलेजवळ बेताचा मुंढा असला की हात हलतो आणि कपडा जागेवर राहतो. मुंढा वाढवला की बाही पण वाढवावी लागते, टेप कडेवर उभी धरून दोन्ही गोलाई मोजा. साध्या बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा अर्धा इंच जास्त असावी, फुग्याची बाही असेल तर सुटलात, चुण्या कमीजास्त केल्या की बसते.

चड्डी किंवा पायजम्याचं कटिंग पण वाढवणार असाल तर आसनाला (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या भागाला) फार वाढवू नका. लहान मापात डायपरची जागा धरलेली असते, ती आता रिकामीच आहे, पाय तेवढे लांब करा.

बाहेरचं छापील कटिंग असेल तर माया धरलीय का ते आधी बघा. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स या परदेशी कंपन्यांच्या पाकिटात बहुतेक 5/8 इंच धरलेली असते, बर्डाच्या मासिकात धरलेली नसते, आपल्याला घालावी लागते. पीडीएफ असेल तर प्रिंट 100 टक्क्यांवर काढा आणि कोपऱ्यातला चौकोन पट्टीने मोजा, तो चुकला तर पुढचं सगळं वाया.

माया मी बगलेला एक इंच सोडते आणि खालची दुमड 3 इंचांची, वाढत्या अंगाचं आहे म्हटल्यावर हे लागतंच. पुढच्या वर्षी टीप उसवली की तोच फ्रॉक पुन्हा होतो, जुन्या घडीची रेघ दिसते तिथे लेस मारायची. खणाच्या परकराला मात्र काठ खाली असल्यामुळे अशी दुमड ठेवता येत नाही, तिथे काठाच्या वर आडवे दोन टक (दुमडून शिवलेल्या घड्या) घाला, उंची वाढली की एकेक सोडायचा.

पहिल्यांदा नवीन कापडावर कात्री लावू नका, जुन्या सुती साडीतून नुसता वरचा भाग कापून धावदोऱ्याने जोडा, मुलीला घालून हात वर करायला लावा आणि खाली बसवा, काय खेचतंय ते लगेच कळतं. नवीन सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा.

कापड किती लागेल तेही सांगते, 44 इंच पन्ह्याचं दीड मीटर घ्या. सव्वामध्येही बसतं पण मग भाग अगदी चिकटून मांडावे लागतात, आणि गळ्याची तिरपी पट्टी काढायला कापड उरत नाही.