एफडी राहू द्या, आधी पलंग आणि टेबल करा

ताई, तुम्ही लिहिलंय की मणक्याच्या दुखापतीनंतर मिस्टर व्हीलचेअरवर आहेत. ऐरोलीतल्या तुमच्या वन बीएचकेसाठी सुताराने २,६०,००० रुपये सांगितलेत: पलंग ६२,०००, टेबल ३८,०००, ओटा खाली घ्यायला ९५,०००, कपाट ६५,०००. ४,००,००० ची एफडी आहे, घरखर्च ४५,०००, पगार तुमचा एकटीचा. एफडी मोडू की पर्सनल लोन काढू, हा तुमचा प्रश्न.

पर्सनल लोन अजिबात नको. एका पगारावरच्या घरात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २,७०,०००, हाताशी हवाच. उरले १,३०,०००. त्यात पलंग आणि टेबल होतात, वर ३०,००० राहतात. एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. व्याज एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. महिन्याला १५,००० शिल्लक पडतात म्हणता, मग नऊ-दहा महिन्यांत फिटेल.

ते ३०,००० आधी व्हीलचेअरच्या चांगल्या कुशनसाठी ठेवा. बसून बसून होणारी जखम चिघळली, तर दवाखाना सगळी शिल्लक खाऊन टाकतो. शिवाय कुशन बदलली की बसायची उंची बदलते आणि पलंगाचं माप त्यावरूनच घ्यायचं असतं. मिस्टर कुशनवर बसलेले असताना टेप लावा. गादीही दाबूनच मोजा.

कोटेशनमधला स्टोरेजचा बॉक्स बेड रद्द करा. खुर्चीचा फूटरेस्ट खोक्याला अडतो, खुर्ची वीतभर लांब राहते आणि तेवढ्याच फटीत माणूस पडतो. पायांवर उभा, खालून मोकळा पलंग करा, स्वस्तही पडेल. टेबलालाही पुढे ड्रॉवर किंवा आडवी पट्टी नको, गुडघे आत गेले पाहिजेत. मिस्टर घरून अकाउंट्सची कामं घेणार आहेत ना? मग हे टेबल कमाईचं साधन आहे, त्यात काटकसर करू नका.

ओटा पुढच्या वर्षी. त्यांना स्वतःचा चहा करायचा आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पण पायांना संवेदना नसेल तर मांडीवर सांडलेलं उकळतं पाणी कळतही नाही. भिंतीलगत एक बुटकं टेबल, त्यावर इंडक्शन, आणि भांडं मांडीवर घेऊन कुठेही न्यायचं नाही. कपाट तर सध्या सोडाच, आहे त्यातच कपडे टांगायची दांडी खाली घ्या.

युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल आणि ते तुमच्यावर अवलंबून असतील, तर ४० टक्के अपंगत्वाला ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० वजावट तुमच्या करपात्र उत्पन्नातून मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात १,२५,००० च्या वजावटीवर सेससह २६,००० वाचतात. दोन्ही पद्धतींचा हिशोब मात्र करून बघा.

सुताराला पंचवीस टक्के शेवटी द्या, मिस्टर खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकून बसले की मगच.