लाट अर्ध्यावरच मरते? आधी पाण्यावरची साय बघा

टाकीतल्या पाण्यात लाटा सोडून त्यांची उंची मोजण्याच्या प्रयोगावरची तुमची पोस्ट वाचली आणि माझे एमएस्सीचे दिवस आठवले. मीही सोलापूरचाच. तशीच दोन मीटरची ॲक्रिलिकची टाकी, तशीच स्पीकरला जोडलेली, लाटा उठवणारी पट्टी, आणि 5 हर्ट्झची (सेकंदाला पाच हेलकाव्यांची) लाट टाकीच्या मध्यापर्यंत पोचता पोचता उंचीने निम्मी. दोन टोकांकडून सोडलेल्या लाटा मधोमध भेटल्या की बेरजेपेक्षा कमी भरतात, म्हणजे त्या एकमेकींची ऊर्जा खातात, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर प्रबंधाचा चॅप्टर लिहायला घेतला असेल तर थांबा. मी अकरा पानं लिहिली होती.

लाट आपटून परत येऊ नये म्हणून टोकाला द्यायचा उतार, कॅमेरा, कॅलिब्रेशन हे सगळं नीट केलंत असं धरतो. एवढंच सांगा, टाकीतलं पाणी किती दिवसांचं आहे?

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. 120 लिटर पाणी ओतून द्यायला जीव होत नव्हता. त्यात शेजारी यंत्रमाग, त्याची तूस सगळीकडे. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण वर न दिसणारी साय धरते. बोटांचं तेल, धूळ, काय काय असतं. लाट जाताना पृष्ठभाग ताणला-आकसला जायला हवा, ही साय ते होऊ देत नाही. मग तिच्या लगतच्या पातळ थरात पाणी घासतं आणि लाटेचा जीव तिथेच जातो. आकडा सांगतो. 5 हर्ट्झला लाटेची लांबी साधारण 6.6 सेंमी. स्वच्छ पाण्यात तिची उंची निम्मी व्हायला सातेक मीटर लागतात, घट्ट साय असेल तर 70 सेंमी पुरतात. (भिंतींचं घर्षण यात धरलेलं नाही. तुमची टाकी अरुंद असेल तर आकडे बदलतील.)

माझी खरी घोडचूक वेगळीच. दोन्ही लाटांची उंची मी पट्टीजवळ मोजायचो आणि बेरीज मधोमध तपासायचो. एकटी लाट मधोमध किती उरते हे चार महिन्यांत एकदाही बघितलं नाही. बघितलं तेव्हा दिसलं, ती एकटीच तेवढी मेलेली, म्हणजे लाटा एकमेकींना खात नव्हत्याच.

त्याआधी एकदा, पाणी तपासून घ्या म्हणून मला एका प्रयोगशाळेत पाठवलं गेलं. टाकीच्या तळाच्या नळातून बाटली भरली, म्हणजे साय राहिली टाकीतच! तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, "पिण्यास योग्य". पृष्ठताण (पाण्याचा पृष्ठभाग किती ताणलेला आहे ते, साय असली की तो कमी होतो) मोजता का विचारलं, तर काउंटरवरचे म्हणाले, "पाण्याला कसला ताण, सर?" वर पैसे आगाऊ घेतलेले. जाऊ दे.

चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि हलकी फुंकर मारा. पावडर सरकून पुन्हा मागे आली तर साय आहे. मग ते पाणी काढून टाका, टाकी धुवा, ताजं पाणी काठोकाठ भरून थोडं वाहू द्या. रोज मोजणीआधी टाकीच्या रुंदीएवढी बटर पेपरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओढा. ही युक्ती माझी नाही. जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरच्या घरी अशाच, पण पत्र्याच्या पट्टीने पृष्ठभाग पुसून प्रयोग केले. त्यांचं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना लिहिलेलं पत्र 1891 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. मोठ्या लाटांच्या टाक्यांवरची पुस्तकं या भानगडीत फारशी पडत नाहीत, कारण मीटरभर लांबीच्या लाटेला साय तितकी जाणवत नाही. आपल्याला जाणवते.

आणि 10 हर्ट्झला लाटेच्या अंगावर दुसरा उंचवटा दिसतो म्हणताय, तो मात्र खोटा नसावा. 9.8 हर्ट्झच्या आसपास मूळ लाट आणि तिची दुप्पट वारंवारतेची लाट एकाच वेगाने धावतात, म्हणून ऊर्जा एकीकडून दुसरीकडे जात राहते. माझ्या मते चॅप्टर त्यावर लिहा. मी संशोधक नाही, शाळेत शिकवतो, तेव्हा गाइडना विचारूनच.

टाकीजवळ डबा खाऊ नका, निदान शेंगाचटणी तरी नको. आमची साय बहुधा तिचीच होती. प्रयोगातला माझा पार्टनर अजून मान्य करत नाही.