मुलगा किचनमध्ये रमतो, म्हणून मावशींना काढायचं?

दुबईहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावीला, जेईईच्या क्लाससाठी ठाण्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर आजीजवळ ठेवलेला. आजींना ऐकू कमी येतं. बाई लिहितात, "हॉलच्या कॅमेऱ्यात रोज दिसतं, क्लासहून आला की बॅग टाकून सरळ किचनमध्ये. मावशींबरोबर लसूण सोलत बसतो. आमच्या फोनवर 'हं' आणि 'ठीक'. त्या आमचं मूल आमच्यापासून तोडताहेत का? दुसरी बाई बघू का?"

मुळीच बघू नका.

ताई, तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. आखातात राहून इकडच्या घराकडे डोळे लावून बसणं मीही केलंय. पण फोनवर पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा असतो, हेही तुम्हीच लिहिलंय. तुमच्याकडे नऊ वाजले म्हणजे ठाण्यात साडेदहा, पोरगं पेंगुळलेलं. ते काय बोलणार? मावशी मार्क विचारत नाहीत. उद्या डब्याला भेंडी देऊ की बटाटा, एवढंच विचारतात.

माझा भाचा नौपाड्यात आजोळी राहून शिकला. तिथल्या बाईंनी त्याला भाकरी थापायला शिकवली. आधी नुसते नकाशे व्हायचे, आणि ते दोघं मिटक्या मारत खायचे. आज तो जर्मनीत आहे. आईला रोज फोन करतो, दिवाळीला बाईंनाही करतो. माझ्या बहिणीच्या वाट्याचं काही कमी झालं नाही. उलट आमच्या धाकट्या जाऊबाईंनी अशाच धास्तीपायी बाई बदलली. मुलगा नव्या बाईशी बोलेना, आणि आईशीही.

आता माझं नेहमीचं गाऱ्हाणं. जुने वाचक हसतील, हसू देत.

"मावशी अगदी घरच्यासारख्या, आम्ही कधी हिशेब ठेवला नाही," असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत खाड्याचे पैसे कापल्याचं सांगता! मग हिशेब कुणी ठेवला? स्वयंपाक आणि वरकामाला ठेवलेल्या बाई आता आजींच्या गोळ्या देतात, मुलगा येईपर्यंत थांबतात. सातला सुटायच्या, त्या साडेआठला निघतात. लोकमान्य नगरात त्यांची स्वतःची पोरं जेवायची थांबलेली असतात. तुमच्या मुलाला मिळणारी सोबत त्या पोरांच्या वेळेतून येते, आणि तुम्ही तिला माया म्हणून फुकटात जमा धरलीत. माया आहेच, पण दीड तास जास्तीचा आहे, त्याचे पैसे द्या. आठवड्याची एक सुट्टी पगारी करा. दिवाळीला साडी देता, ठीक. एक पगार बोनसही द्या. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मावशींची नोंदणी झाली आहे का, कधी विचारलंत? त्यासाठी काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो, तो सही करून पाठवा. फॉर्म भरायला मुलाला बसवा. मावशी त्याच्या करमणुकीसाठी थांबत नाहीत, त्यांचं ते पोट आहे, हे सोळाव्या वर्षी कळायला हरकत नाही. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तो आजीला घेऊन उपवनला जाईल, नाहीतर मित्रांबरोबर तलावपाळीला. लसूण काय, रोज आहेच.

दोघांत पैशांची देवघेव किंवा लपवाछपवी दिसली, तर मात्र सरळ विचारा, आडून नको. मुलाचं जेवण-झोप उडाली, क्लासला दांड्या पडू लागल्या, तर १४४१६ या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट.

बाकीचं थोडक्यात. क्लास वर्षाच्या मध्यात बदलू नका. कॅमेरा किचनमध्ये हलवायचा विचार तर सोडूनच द्या. दिवाळीत यजमानांना रजा नसेल, तर तुम्ही एकट्या या. आणि आल्या आल्या मावशींच्या हातातली कढई काढून घेऊ नका. खाली बसा आणि लसूण पुढे ओढा.