साडेसात महिन्यांचं बाळ खाली ठेवलं की किंचाळतं, दिवसभर समोर माणूस लागतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की खेळणं दिलं तर बाळ दोन मिनिटांत भिरकावतं, पालथं पडून ओरडतं आणि तुम्ही नजरेआड झालात की रडून लाल होतं. नवरा सकाळी आठलाच बाहेर पडतो, आणि सासूबाई फोनवरून म्हणतात, "हाताची सवय लावून ठेवलीस." मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. या वयाची पोरं माझ्या रोजच्या बघण्यातली, म्हणून लिहिते.

सवयीचं आधी निकालात काढू. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर बाळाला कळायला लागतं की आई उठून जाऊ शकते. ती परत येते, हे मात्र अजून डोक्यात पक्कं बसलेलं नसतं. म्हणून तुम्ही गॅसपर्यंत गेलात तरी त्याच्या लेखी तुम्ही गेलातच. आठव्या महिन्याच्या आगेमागे हे सुरू होतं, बहुतेकांचं दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान जोरात असतं आणि मग हळूहळू ओसरतं. कडेवर घेतल्यामुळे ते होत नाही आणि न घेतल्याने थांबतही नाही. सासूबाईंना "हो" म्हणा आणि उचला.

पण तुमच्या वर्णनात मला आई हवी यापेक्षा चिडचिड जास्त दिसते. हे बाळ रांगायच्या बेतात आहे. मनाने ते केव्हाच समोरच्या डब्यापाशी पोचलेलं असतं, अंग मात्र जागचं हलत नाही. त्यात हातांत जोर आधी आलेला असतो, म्हणून बरीच बाळं पुढे जायला बघतात आणि मागे सरकतात. डबा आणखी लांब जातो, पाय दिवाणाखाली अडकतात, आणि मग जो भोंगा लागतो! आपण धावत जाऊन उचलतो, डबा हातात देतो. रडं थांबतं, पण त्याला जे करायचं होतं ते राहूनच जातं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

मी काय करते सांगते. जमिनीवर चटई किंवा सतरंजी घालते; गादी नको, तिच्यात गुडघे रुततात. पाय उघडे, कारण मोजे घातले की फरशीवर घसरतं. बाळ पालथं झालं की मीही त्याच्यासमोर आडवी होते आणि डबा जेमतेम वीतभर लांब ठेवते. किरकिर सुरू झाली तरी लगेच हात लावत नाही, नुसतं "हं, जमतंय, ये ये" असं बोलत राहते. किरकिरीचं रडं व्हायला लागलं की मागे जाऊन त्याच्या दोन्ही तळपायांना माझे तळहात टेकवते. ढकलत नाही. त्याला रेटा द्यायला काहीतरी मिळतं, ते स्वतःच जोर लावतं आणि वीतभर पुढे जातं. डबा हाती लागला की आधी माझ्याकडे बघतं, मग डबा तोंडात घालतं. खरं रडं फुटलं तर मात्र उचलून घ्यायचं. रडवून शिकवण्यातली मी नाही; जरा झगडू द्यायचं, इतकंच.

आता स्वयंपाक. बहुतेक घरी आधी बाळाला खेळण्यांत बसवतात, काम उरकायला जातात आणि ते रडलं की परत येतात. म्हणजे आई मिळवायची तर रडायलाच हवं. हे उलटं करा. बाळ झोपून उठलं, पोट भरलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याचीच. फोन दुसऱ्या खोलीत. सतत खुळखुळा वाजवायची गरज नाही, जवळ बसा आणि ते काय करतंय ते बघा. पुरेसं झालं की ते स्वतःच तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागतं. तेव्हा उठा, आणि सतरंजी स्वयंपाकघरात तुम्ही दिसाल अशी पण गॅसपासून लांब सरकवा. समोर स्टीलची वाटी, लाकडी चमचा, एखादं पातेलं. वाटी फरशीवर वेगळी वाजते, पातेल्यावर वेगळी. विकतच्या खेळण्यातून तेच ते गाणं. भाजी निवडणं, कणीक मळणं त्याच्याशेजारी जमिनीवर बसून करा, फक्त मटार-दाणे त्याच्या हाताला लागू देऊ नका. फोडणी आणि तळण ते झोपल्यावर. काही दिवस वरण-भातावर भागवा, आणि पोळी हवीच असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याला लाटायला बसवा.

बाथरूमला जाताना गुपचूप सटकू नका. "आई आत्ता येते" असं म्हणून जा आणि आतून बोलत राहा. रडेल, तरी सांगूनच जा. न सांगता जाणाऱ्या आईचं मूल ती समोर असतानाही तिला सोडत नाही, हे मी दारात रोज बघते. दिवसभरात बुवाकुक भरपूर खेळा: आधी दुपट्यामागे, मग दारामागे. दिसेनासा झालेला माणूस परत येतो, हे त्यातूनच पक्कं होतं.

झोप तपासा. या वयात दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास लागते. दोन-तीन तास सलग जागं राहिलं की बाळ कशानेच रमत नाही. तेव्हा खेळणं बदलू नका, झोपवा. झोपेसाठी घुटीत जायफळ उगाळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. मोबाइलने रडं थांबतं, कबूल. पण इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको असंच आहे, नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. आणि बसायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही आणि अपघात होतात. कॅनडाने २००४मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

चिडचिड अचानक वाढली असेल तर डॉक्टरांना दाखवा. आडवं केलं की जास्त रडतं, कान ओढतं, ताप आहे, तर कान दुखत असेल. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातून लोह पुरत नाही आणि त्यानेही बाळं किरकिरी होतात, तेही विचारून घ्या. थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, उलट्या होत असतील किंवा शीतून रक्त पडत असेल, तर मात्र सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

आणि तुमचं. डोकं सटकतंय असं वाटलं तर बाळाला कठड्याच्या पाळण्यात ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाल्कनीत जा. तेवढ्या रडण्याने काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला इजा होते. नवऱ्याला घरी आल्यावर "मदत" मागू नका, संध्याकाळचा एक तास त्याच्या नावावर टाका आणि त्या वेळात घराबाहेर पडा. घरात राहिलात तर बाळ तुम्हालाच शोधेल. रोजच रडू येतंय, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही, असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

रजा संपत आल्याचं लिहिलंय. पाळणाघर ठरवत असाल तर पहिल्याच दिवशी नऊ ते सहा ठेवू नका. आधी काही दिवस तुम्ही तिथे तासभर बसा, मग अर्धा तास बाहेर जाऊन या, मग वेळ वाढवा. तुमची वापरलेली ओढणी बरोबर द्या. आणि तिथल्या बाईंना फीच्या आधी हे विचारा: रांगती मुलं एका बाईकडे किती असतात, आणि ती रडली की तुम्ही काय करता?