इंडिपेंडंट लिव्हिंगमध्ये रात्रीच्या मावशींना मनाई आणि घर खाली करायची नोटीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. 76 वर्षांचे एक काका आणि त्यांची पत्नी महाराष्ट्रातल्या एका सीनियर सिटिझन प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी रात्रीसाठी एजन्सीच्या मावशी ठेवल्या. मॅनेजमेंटचं पत्र आलं की हे 'इंडिपेंडंट लिव्हिंग' आहे, इथे रात्री अटेंडंट चालणार नाही, एकतर असिस्टेड विंगमध्ये (जिथे देखभालीला माणसं असतात) शिफ्ट व्हा नाहीतर 30 दिवसांत फ्लॅट खाली करा. सोबत सही करायला एक हमीपत्र. काका विचारतात, आम्हाला खरंच जावं लागेल का?

काका, आधी उत्तर देतो, नाही जावं लागणार. तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद मी दोनदा वाचले आणि त्यानंतरच हे लिहितोय.

तुमच्या मेलमधलं एक वाक्य मनातून जात नाहीये. पत्र आल्यापासून मावशी नऊला जातात आणि तुम्ही दोन वाजताचा अलार्म लावून काकूंना बाथरूमला नेता, एका हाताने त्यांना धरता आणि दुसरा हात भिंतीला. एक नुसतं पत्र आलं आणि तुम्ही घाबरून मदत बंद केलीत, तेही तुमच्या स्वतःच्या मालकीच्या घरात. हे थांबायलाच हवं.

आता कागदांकडे बघू. तुमच्याकडे दोन वेगळे करार आहेत आणि सगळी गोम त्यातच आहे. पहिला रजिस्टर्ड ॲग्रीमेंट फॉर सेल, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) तुमच्या दोघांच्या नावाने, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही आहे, म्हणजे फ्लॅट तुमचा. दुसरा सर्व्हिस ॲग्रीमेंट, जो ऑपरेटर कंपनीशी, म्हणजे पत्र पाठवणाऱ्या मॅनेजमेंटशी आहे आणि दरवर्षी रिन्यू होतो, त्यात जेवण, साफसफाई, ऑन कॉल नर्स वगैरे. 'रहिवासी स्वतंत्रपणे राहण्यास सक्षम असावा' ही ओळ फक्त या दुसऱ्या करारात आहे, खरेदीच्या करारात ती कुठेच नाही. त्यामुळे फार ताणलं तरी ऑपरेटर म्हणू शकेल की आम्ही आमच्या सेवा पुढे देणार नाही, त्यालाही कराराप्रमाणे नोटीस द्यावी लागेल. पण 'फ्लॅट खाली करा' हे म्हणायचा अधिकार त्याच्याकडे आहेच कुठे, जो घराचा मालक नाही तो मालकाला घराबाहेर कसा काढणार?

आणि ती ओळ तरी नीट वाचा. करार म्हणतो की वैयक्तिक देखभाल करणं ही ऑपरेटरची जबाबदारी नाही. ठीक आहे, मान्य. पण रहिवाशाने स्वतःच्या खर्चाने बाहेरून मदत घेऊ नये असं त्यात एका शब्दानेही लिहिलेलं नाही. तुम्ही ऑपरेटरकडे काही मागतच नाही आहात, त्याचा माणूस नाही की त्याचा पैसा नाही. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर कोर्ट साधारणपणे ज्याने करार ड्राफ्ट केला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरतं, आणि हा छापील करार त्यांचाच आहे. रात्री नऊनंतर बाहेरची व्यक्ती नको, हा नियम तर नंतर निघालेल्या सर्क्युलरमधला, तुमची सही नसलेलं सर्क्युलर मालकीहक्कावर मात करू शकत नाही.

मला वैयक्तिक खटकतं ते वेगळंच. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 900 मिलिमीटर रुंद दरवाजे, रॅम्प, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हे सगळं आहे. तुमचा प्रोजेक्ट जुना, त्यामुळे त्या तुम्हाला थेट लागू होतील असं मी म्हणत नाही. पण ज्येष्ठांसाठीचं घर म्हणजे जिथे माणूस एक दिवस व्हीलचेअरवर येणार हे धरूनच बांधलेलं घर. म्हातारपण आलं की 'तुम्ही आता बसत नाही' असं सांगायचं असेल तर मग ज्येष्ठांना विकलं कशाला!

सोसायटीची कमिटी म्हणते हा ऑपरेटरचा विषय, आम्ही मध्ये पडणार नाही. तसं नाही काका. लिफ्ट, पाणी, गेट या कॉमन गोष्टी आहेत, मेंटेनन्स तुम्ही भरताय, तेव्हा गेटवर तुमच्या माणसाला अडवलं तर सोसायटीलाही उत्तर द्यावं लागेल. कमिटीतल्या कुणी 'मेंबरशिप काढून घेऊ' असं बोललं तर लक्ष देऊ नका, सहकार कायद्याच्या कलम 35 प्रमाणे त्याला सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत आणि वर रजिस्ट्रारची मंजुरी लागते, आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

हमीपत्रावर सही करू नका. अजिबात नाही. 'आम्ही स्वखुशीने शिफ्ट होत आहोत' हे त्यातलं वाक्य उद्या तुमच्या विरुद्ध वापरलं जाईल. कुणी ऑफिसमध्ये बोलावून गोड बोलून पेन हातात दिलं तर म्हणा, मुलीला दाखवतो, वकिलाला दाखवतो, आणि उठून या.

उत्तर मात्र द्यायचं, गप्प बसायचं नाही. साधं पत्र लिहा, एक कॉपी ऑपरेटरला आणि एक सोसायटीच्या सेक्रेटरीला, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून ठेवा. त्यात ऑपरेशनची तारीख, डॉक्टरांची चिठ्ठी की रात्री सोबत हवी (सर्जनकडून लेटरहेडवर घ्या, दोन ओळी पुरतात), मावशींचं नाव, एजन्सीचं नाव, आधारची कॉपी आणि पोलिस व्हेरिफिकेशन जोडा. सिक्युरिटीची काळजी त्यांना असू शकते, ती रास्तच आहे, म्हणून ही माहिती आपणहून द्यायची म्हणजे तो मुद्दाच राहत नाही.

तरीही त्रास दिला तर दोन रस्ते आहेत. गेटवर अडवणं, पाणी बंद करणं असलं काही झालं तर दिवाणी कोर्टातून तातडीचा मनाई हुकूम. जबरदस्तीने ताबाच घेतला तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो, फक्त दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. आणि सेवेचे पैसे घेऊन सेवा नाकारतात त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही होते, अंतरिम आदेश मागता येतो, मुदत दोन वर्षं. कराराचं कलमच अन्यायकारक आहे म्हणून ते रद्द करून मागायचं असेल तर त्यासाठी राज्य आयोग, पण आत्ता तिथपर्यंत जायची गरज मला दिसत नाही. तुम्ही 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या ट्रिब्युनलबद्दल विचारलंय, तिथे मुलं आणि नातेवाईक यांच्याविरुद्ध पोटगीचे अर्ज चालतात, ऑपरेटरविरुद्ध तिथे जाऊन वेळ घालवू नका. नुसतं बोलायला, विचारायला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगतो, काकांचा फ्लॅट मालकीचा आहे म्हणून उत्तर इतकं सरळ आहे. ज्यांनी मोठं डिपॉझिट भरून लीव्ह अँड लायसन्सवर किंवा 'राहण्याचा हक्क' एवढ्यावर जागा घेतली त्यांना हे जसंच्या तसं लागू नाही, त्यांनी करार संपायची तारीख आणि डिपॉझिट परत मिळायचं कलम आधी काढून बघावं.

काका, पत्र उद्याच टाका पण मावशींना आज रात्रीच बोलवा. गेटवर अडवलं तर वॉचमनशी वाद घालू नका, त्याची काही चूक नाही, त्याला फक्त रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कुणाच्या सांगण्यावरून अडवलं ते लिहायला सांगा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा.